नवेगावबांध कॅम्प अपडेट: तंबू काठावरून वर नेले

तर राजेहो, यंदाच्या थंडीचा ग्रुप कॅम्प गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावाजवळ झाला एकदाचा. नागपूरहून पहाटे पारडीतून निघालो, भंडारा, साकोली करत कोहमाऱ्याला उजवीकडे वळलो आणि नाश्त्यासकट आरामात पोचलो, त्यामुळे रस्त्याबद्दल फार काही लिहित नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नॅशनल पार्कच्या आत तंबू ठोकता येत नाही, नवेगाव-नागझिरा 2013 पासून टायगर रिझर्व्ह आहे, त्यामुळे आपण नेहमीसारखे गावाच्या बाजूला, जंगलाच्या हद्दीबाहेर, ओळखीच्या एका दादांच्या शेतात राहिलो, त्यांना विचारून आणि पैसे देऊन.

या वेळचा खरा विषय जागेचा होता. ग्रुपमध्ये दर वर्षी तोच वाद, अर्ध्या लोकांना तंबू अगदी पाण्याला लागून पाहिजे कारण सकाळी चेन उघडली की समोर तलाव दिसला पाहिजे (म्हणजे फोटो पाहिजे, दुसरं काय), आणि बाकीचे सकाळी ओल्या स्लीपिंग बॅगा झटकत त्यांना शिव्या घालतात. म्हणून ठरवलं की बोलाचाली बंद, दोन एकसारखे तंबू घ्यायचे, एक खाली काठाजवळच्या बांधीत (धानाच्या खाचरात) आणि एक वर धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) पलीकडे आंब्याखाली, दोन्हीत दोन-दोन माणसं आणि एक-एक स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर. शेतवाले दादा आमचा उद्योग बघून हसत होते, म्हणे, "काठी कायले झोपता बाप्पा, धुवारीनं वलेचिंब होऊन जासान." धुवारी म्हणजे धुकं.

सकाळी खालच्या तंबूची अवस्था अशी होती की आतल्या कापडावर बोट फिरवलं तर पाण्याची धार सरळ उशीवर. बाहेरच्या फ्लायवर (तंबूवरच्या कव्हरवर) तर थेंब असे दाटून बसले होते की तंबूचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. वरचा तंबू जवळपास कोरडा, फक्त पायाकडच्या कोपऱ्यात जराशी ओल. थर्मामीटरमध्ये दोन-अडीच डिग्रीचा फरक, खाली जास्त थंड.

कारण कळलं की सोपं आहे. हा तलाव काही नैसर्गिक नाही, अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांच्या मधल्या खिंडी बांध घालून अडवल्या आणि पाणी साठवलं, भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. म्हणजे आपण झोपतो ते टेकड्यांच्या तळाशी. रात्री उतारावरची हवा थंड होते, जड होते आणि घरंगळत सगळ्यात खालच्या जागी येऊन साचते, आणि धानाच्या बांध्या तर चारही बाजूंनी धुरा असल्यामुळे ती हवा धरूनच ठेवतात. त्यात पाण्याजवळची दमट हवा, वरून उघडं आभाळ, मग दव पडणारच. झाडाखाली आभाळ झाकलेलं असतं म्हणून तंबूचं कापड तेवढं गार होत नाही. पण झाडाखाली लावण्याआधी वर मान करून वाळक्या फांद्या बघायच्या आणि खाली मुंगळ्यांची रांग बघायची, हे विसरू नका.

आतली ओल मात्र बरीचशी आपल्याच श्वासाची असते. थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या खिडक्या बंद करून झोपतात आणि मग तंबू गळतो म्हणून ओरडतात. वरची जाळी उघडी ठेवा, टोपी घाला.

दुसरी गोष्ट जी यंदा जाम जमली ती म्हणजे तणस, धानाचा वाळका पेंढा. धान कापल्यावर बांधीत जी धसकटं राहतात ती ग्राउंडशीटमधून सरळ वर येतात, हवेच्या मॅटची वाट लागते. दादांकडून तणस मागून घेतली, वीतभर जाड पसरली, त्यावर ताडपत्री आणि मग तंबू. काय झोप लागली राव! जमिनीचा गारवा वर येतच नाही, महागड्या मॅटवाले पण शेवटी तिकडेच सरकले. निघताना सगळी गोळा करून परत ढिगावर टाकली कारण ती जनावरांचा चारा आहे. आणि तणसीजवळ विडी-सिगारेट, चूल काहीही नको, यावर नो चर्चा.

स्वयंपाक एकच ठेवला, प्रत्येकाची वेगळी शेगडी बंद. रात्री रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी, गोवऱ्या घरच्याच नेल्या होत्या, जागा झाडापासून लांब आणि बाजूला पाण्याच्या दोन बादल्या. रोडगे फोडून तुपात बुडवले तेव्हा डाएटवाली दोन मंडळी पण गप्प बसली. हा प्रकार थंडीतच, 15 फेब्रुवारीनंतर वणव्याचा सीझन लागतो, तेव्हा जंगलाच्या आसपास आगीचा विचारही करू नये.

सकाळच्या चहाला छोटी गॅसची शेगडी. त्या लांबड्या डबीत ब्युटेन असेल तर ते उणे अर्ध्या डिग्रीला उकळतं, त्यामुळे आठ-नऊ डिग्रीत प्रेशर कमी, आणि गॅस वापरताना डबी अजून गार होत जाते, म्हणून ज्योत मरतुकडी होते. डबी संपली समजून फेकू नका. रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा आणि दोन डब्या आलटून पालटून वापरा. शेगडीवर गरम करायची आयडिया ज्याला सुचेल त्याला पुढच्या वेळी घरी बसवू.

भांडी तलावात धुवायची नाहीत हा नियम या वेळी सगळ्यांनी पाळला, बादलीने पाणी वर आणून साठ-सत्तर पावलं लांब धुतली, खरकटं वेगळ्या पिशवीत. उरलेलं खाणं रात्री गाडीत बंद, कारण रानडुक्कर आणि अस्वल दोन्ही या भागात आहेत आणि त्यांना रोडगे आवडत नसतील असं समजायचं कारण नाही. अंधार पडल्यावर पाण्याकडे कोणी एकटं गेलं नाही. टॉयलेटचा वेगळा तंबू नेला, त्याचं सगळं श्रेय ग्रुपमधल्या ताईंना, त्यांनी तो नसेल तर येणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं आणि आता बाप्यांनाच तो जास्त लागतो.

पक्ष्यांचं वेगळं लिहीन, पट्टकादंब (थंडीत येणारे हंसाच्या जातीचे पक्षी, बार-हेडेड गूज) दिसले, लांबून पण स्पष्ट. पक्ष्यांवर आणि जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली या भागात वनअधिकारी होते, त्यामुळे दुर्बीण घेऊन येणारे इथे कमी नाहीत, काठावर शांत राहा एवढीच विनंती, ब्लूटूथ स्पीकर घरी.

पुढच्या कॅम्पसाठी मोठी ताडपत्री पाहिजे, साधारण बारा बाय पंधरा फूट, कोणाकडे पडून असेल तर सांगा, नाहीतर नागपूरच्या इतवारी बाजारात जाऊन घेऊन टाकतो आणि खर्च सगळ्यांत वाटतो.