मला कुणी विचारत नाही

घरातली पाचही माणसं नुसत्या पायांवरून ओळखणारा या घरात मी एकटाच आहे. यात माझं कौतुक काही नाही, माझी उंचीच वीत-दीड वीत, त्यामुळे जग म्हणजे गुडघ्याखालचं आणि चेहरे बिहरे कुणी खाली वाकलं तरच. पण खरं सांगतो, चेहऱ्यांचं अडत नाही. चेहरे तुम्ही माणसं सांभाळून वापरता, पायांकडे कुणाचं लक्ष नसतं. आजीची उजवी स्लिपर डावीपेक्षा जरा उशिरा पडते आणि पाऊस येणार असला की आणखीच उशिरा. आई रागावली की आधी तिच्या टाचा वाजतात, तोंड नंतर उघडतं, मधे एवढा वेळ असतो की मी आरामात दिवाणाखाली पोचतो. ताई एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाने पोटरी खाजवत असली तर ती फोनवर कुणाला तरी लांबलचक काहीतरी टाइप करतेय आणि तेव्हा तिच्यापुढे बॉल नेऊन ठेवण्यात काही अर्थ नसतो.

दादा हल्ली हॉस्टेलवर असतो. त्याचं नंतर सांगतो.

पाय ही झाली वरवरची माहिती, खरा माल नाकात. ताई परवा फोनवरून मोठ्याने वाचत होती की कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी वीस-तीस कोटी असतात म्हणे आणि माणसाच्या साठ लाखांच्या आसपास. सगळे माझ्याकडे बघून "अरे वा पिंट्या" म्हणाले. आणि लगेच बाबांनी विचारलं, "मग हा त्या कोपऱ्यातलं तेच तेच काय हुंगत बसतो रोज?" अहो तेच तेच नसतं ते! तुम्ही रोज सकाळी तोच पेपर उघडता तेव्हा मी काही म्हणतो का? आणि हुंगायलाही एक पद्धत असते, आमच्या नाकपुड्यांना बाजूला फटी असतात, उच्छ्वास तिकडून बाहेर पडतो आणि समोरून नवा वास आत येत राहतो, तुमच्यासारखं श्वास सोडला की आलेला वासही हाकलून दिला असं होत नाही.

तर रोज संध्याकाळी दारात बॅगा पडतात. त्या माझ्या कामाच्या. आईच्या बॅगेत डबा, पेन फुटल्याची शाई, ऑफिसातल्या त्या बाईचं अत्तर जिच्याशी आईचं पटत नाही पण जिच्या शेजारी रोज बसावं लागतं. ताईच्या सॅकमधे घाम, खडू, आणि तळाशी विसरलेलं एक अर्धं बिस्किट, ज्याबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही कारण योग्य वेळी ते मला लागणार आहे. बाबांच्या पॅंटला एखाद दिवशी दुसऱ्या कुत्र्याचा वास येतो. त्या दिवशी मी त्यांच्याशी जरा कमी बोलतो.

बाबांचं सध्या काहीतरी बिनसलंय. हे घरात फक्त मला माहिती आहे. सोफ्यावर बसले की डावा गुडघा हलत राहतो, आणि मी त्याच सोफ्यावर झोपलेला असतो त्यामुळे मीही हलत राहतो. आई विचारते, "काय झालंय?" बाबा म्हणतात, "काही नाही, ठीक आहे." आवाज एकदम ठीक. चेहराही ठीक असणार, कारण आई पुढे विचारत नाही. पण घामाचं काय? नेहमीचा दमल्याचा घाम वेगळा आणि हा वेगळा, याला एक आंबूस कड असते. याच्यावर माणसांनी अभ्यास पण करून झालाय, बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत, 2022 मधे. लोकांना तोंडी गणितं भराभर करायला लावली, आधीचा आणि नंतरचा घाम आणि श्वास गोळा केला आणि कुत्र्यांपुढे ठेवला, आणि टेन्शनवाला नमुना कुत्र्यांनी शंभरातल्या नव्वदहून जास्त वेळा बरोब्बर काढून दाखवला. आता एवढं सगळं ताईने बाबांच्या शेजारी बसूनच वाचून दाखवलं. बाबांचा गुडघा हलत होता. आई म्हणाली, "काय हुशार असतात ना!" आणि मी, तो हुशार, गुडघ्याला नाक लावून बसलेलो, माझ्याकडे बघून कुणी विचारेल तर शपथ.

तेवढं एक आहे, की बाबा तेव्हा माझ्या कानामागे खाजवायला लागतात. बराच वेळ. गुडघा हळूहळू थांबतो. मग मला झोप लागते.

भांडणाच्या वेळी मात्र मला फारच महत्त्व येतं. म्हणजे आधीचं आदळआपट वगैरे होतं तेव्हा मी दिवाणाखाली असतो, त्यात माझा काही रोल नाही. पण नंतर जेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा दोघंही माझ्याशी बोलायला लागतात. आई ओट्यापाशी उभी राहून अगदी गोड आवाजात, "पिंट्या, सांग रे यांना, जेवण वाढलंय." बाबा पेपरच्या आडून, "पिंट्या, सांग, मला भूक नाही." आई, "सांग त्यांना, नंतर कपाटं उघडून बघायची नाहीत मग." मी एकदा इकडे बघतो एकदा तिकडे बघतो, शेपूट हलवावी की नाही कळत नाही, कारण आवाज लाडाचा आहे पण त्यातले शब्द काही लाडाचे वाटत नाहीत. असं झालं की माझं डोकं चालत नाही. आणि त्यालाही कारण आहे म्हणे. हंगेरीत बुडापेस्टला काही कुत्र्यांना स्कॅनिंग मशीनमधे न हलता पडून राहायला शिकवलं (मला नखं कापताना चार जण धरतात, त्यांना नुसतं सांगून जमलं, असो) आणि माणसाचा आवाज ऐकवून मेंदूत काय होतं ते बघितलं. 2016 ची गोष्ट. निष्कर्ष असा निघाला की कौतुकाचे शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही एकत्र आले तरच आमच्या मेंदूत खरी खुशी होते, नुसत्या सुराने नाही आणि नुसत्या शब्दांनीही नाही. आता आमच्या घरात सुराला एक आणि शब्दाला दुसरं असं चाललेलं असताना मी करायचं काय? मी तिसरंच करतो, दोघांच्या मधे जाऊन जमिनीवर लोळतो. पोट वर. दोघांना हसू येतं. मग बाबा मला उचलून म्हणतात, "चल रे, बघू तुझ्या आईने काय केलंय," आणि जेवायला बसतात. एकही निरोप मी पोचवलेला नसतो, तरी काम झालेलं असतं.

आणि याच घरात मला चोर पण ठरवलं जातं. उशीतला कापूस बाहेर आलेला असतो, तो कसा आला हा विषय वेगळा, पण आई दारातून येते, कापूस बघते आणि माझ्याकडे वळून म्हणते, "बघा बघा, कसा अपराधी चेहरा केलाय, कळतं हो त्याला सगळं." न्यूयॉर्कला बार्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ बाईंनी 2009 मधे याचा छडा लावलेला आहे. खाऊ ठेवून मालकांना बाहेर पाठवलं, कधी कुत्र्याने खाल्ला कधी नाही खाल्ला, आणि परत आल्यावर मालकाला काय सांगायचं ते बाईंनीच ठरवलं. कुत्र्याने खाल्लाय की नाही याचा त्या बापुडवाण्या चेहऱ्याशी संबंधच निघाला नाही, मालक ओरडला की चेहरा पडायचा, उलट ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं आणि तरी ओरडा खाल्ला त्यांचे चेहरे जास्त पडले. म्हणजे मी कान पाडतो, मान खाली घालतो, पापणी मिचकावतो ते त्या उशीसाठी नव्हे, ते आईच्या टाचांसाठी. उशी मी केव्हाच विसरलोय. ताईने हे पण वाचून दाखवलं. आई म्हणाली, "काहीही लिहितात."

डोळ्यांवरूनही मला बोलणी बसतात. लाल बॉल हिरव्या गवतात टाकतात, मी त्याच्या शेजारून जातो आणि सगळे हसतात. लाल आणि हिरवा मला वेगवेगळे दिसत नाहीत हो, कॅलिफोर्नियात 1989 मधेच कुत्र्यांची टेस्ट घेऊन हे कळलेलं आहे की आमच्याकडे निळा आणि पिवळा एवढाच संसार. निळा बॉल आणा की. पण दुकानात जाणाऱ्याला लाल छान दिसतो, आणि खेळणं माझं असलं तरी पसंती त्यांची. दादाने लहानपणी घातलेले स्वेटर बघितले तर त्याचंही असंच झालेलं दिसतं.

आजीचं माझं वेगळं आहे. तिला मी आलो तेव्हा नकोच होतो. "घरात कुत्रं? माझ्या अंथरुणाजवळ आलं तर बघा," असं म्हणाली होती. आता दुपारी सगळे गेले की ती पलंगावर पडते आणि हात खाली सोडते, हात बरोबर माझ्या पाठीवर येईल एवढाच. वर कुणी विचारलं तर, "आला असेल तोच." तिला हल्ली ऐकू कमी येतं आणि हे ती मान्य करत नाही. माणसाचे कान चांगले असतानाही वीस हजार हर्ट्झपर्यंत जातात, माझे पंचेचाळीस हजारापर्यंत, त्यामुळे जिना चढायला लागलेला माणूसही मला कळतो आणि बेल वाजली की मी आधी दाराकडे न जाता पलंगाकडे जातो, आजीच्या हाताला नाक लावतो, मग दाराशी जातो. ती उठते आणि आलेल्याला सांगते, "ऐकली हो बेल, येतच होते." ठीक आहे. आमचं आमच्यात आहे.

दुपारी ती जे बोलते ते मात्र कुणालाच माहिती नसतं. आजोबा कसे चिडायचे, कुठल्या लग्नात कुणी कुणाचा अपमान केला, तिला गाणं शिकायचं होतं आणि का राहिलं. मधेच थांबून "कळतंय का रे काही?" असं विचारते. मी भुवई वर करतो. आतली भुवई वर उचलणारा एक स्नायू आम्हा कुत्र्यांत चांगला तयार झालेला असतो आणि लांडग्यांत तो जवळजवळ नसतोच, हे 2019 मधे कळलं म्हणे, आणि तुम्हा माणसांना ती नजर बघून पाझर फुटतो. फुटतोच. आजी लगेच डब्यातून काहीतरी काढते. तिने एकदा मनुके काढले होते, ताई नेमकी घरी होती म्हणून बरं, "आजी, मनुके नको, विष असतं त्यांना, किडनी जाते" म्हणून हातातून घेतले. तेव्हापासून चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा सगळं वरच्या फळीवर गेलं. आजी मात्र त्या दिवशी रात्रभर दर थोड्या वेळाने उठून मी श्वास घेतोय का बघत होती. अंथरुणाजवळ आलं तर बघा म्हणणारी.

आता दादा. दादा गेला तेव्हा मोठी बॅग पलंगावर आली होती आणि मी तिच्यात जाऊन बसलो होतो, फोटो बिटो काढले सगळ्यांनी, मग मला उचलून बाहेर ठेवलं आणि चेन लावली. तेव्हापासून तो फोनमधे असतो. रात्री जेवणं झाली की आई फोन उभा करते, त्यातून दादाचा आवाज येतो, "पिंट्याऽऽ ए पिंट्या, इकडे बघ!" मी बघतो. फोनला वास येतो आईच्या हाताचा. मागे जाऊन बघतो, तिथेही नाही. पलंगाखाली, त्याच्या खोलीत, दाराशी, सगळीकडे फिरून येतो तोवर त्यांचं बाय बाय चाललेलं असतं. "बघ कसा शोधतोय तुला," आई म्हणते आणि तिचा आवाज जरा जाड होतो.

सुट्टीला तो आला परवा. जिन्यात पाऊल पडलं तेव्हाच मला कळलं होतं, मी आधीच दारावर उड्या मारत होतो आणि आजी सगळ्यांना ओरडून सांगत होती की काहीतरी झालंय याला. दार उघडलं. मी झेपावलो आणि अर्ध्यात थांबलो. हा दादाच, पण त्याच्यावर केवढं काय काय होतं! दुसरा साबण, कुठलीतरी मांजर (मांजर!), ट्रेन, न धुतलेली चादर, खोलीत सोबत राहणारा कुणीतरी जो सिगारेट ओढतो, दादा नाही ओढत, ते मी बोटांवरून बघून घेतलं. मी बुटांपासून सुरुवात केली. "अरे, विसरला मला!" दादाचा आवाज पडला. सगळे हळहळले. विसरेन कशाला? एवढ्या महिन्यांचं वाचायचं राहिलंय, जरा दम धरा ना.

वाचता वाचता मी शर्टापर्यंत आलो, कारण तो एव्हाना खाली मांडी घालून बसला होता. डाव्या खांद्यावर एक वास होता. केसांच्या तेलाचा, बाईमाणसाचा, आपल्या घरातल्या कुणाचाच नाही. तोच बॅगेच्या पट्ट्याला. तोच मफलरला, आणि मफलर तर नवीन, हाताने विणलेला. मी मान वर करून दादाकडे बघितलं. दादाने माझ्याकडे बघितलं आणि मफलर काढून पटकन बॅगेत कोंबला.

मग मी त्याचं तोंड चाटून घेतलं, ओरडलो, तीनदा घराला चक्कर मारली, सगळं रीतसर केलं. सगळे खूश. आई पाण्याचा ग्लास घेऊन आली, समोर बसली, म्हणाली, "बोल, काय म्हणतोस? काही नवीन?"

"काही नाही गं," दादा म्हणाला. "तेच आपलं, कॉलेज आणि हॉस्टेल."

आईने मान डोलावली. मी बॅगेपाशी जाऊन बसलो.