कपाटाची किल्ली

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज नवी पेठेतल्या अभ्यासिकेच्या कपाटाची किल्ली परत दिली. पाच वर्षं खिडकीकडची ती खुर्ची माझी होती. पुस्तकं शेजारच्या मुलीला दिली. नकाशांची वही मात्र देववली नाही.

लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेचे चार अटेम्प्ट झाले. पूर्व तीनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत वय आहे, मी २९ ची. दार उघडंच आहे, आणि तेच जड जातं. कुणी ‘आता बस’ म्हणत नाही, ते आपलं आपल्यालाच म्हणावं लागतं. २०२३ च्या फेब्रुवारीत लांब उत्तरं लिहायची नवी वर्णनात्मक परीक्षा लगेच नको, २०२५ पासून घ्या म्हणून आम्ही पुण्यात रस्त्यावर बसलो होतो. आयोगाने ऐकलं, त्या रात्री मी आनंदाने रडले होते. दोन वर्षं हातात आली असं वाटलं होतं.

अभ्यासाने मी थकले नाही. अभ्यास मला मनापासून आवडायचा, अजून आवडतो. थकवलं ते ‘पोस्ट निघाल्यावर’, म्हणजे निवड झाल्यावर, या दोन शब्दांनी. मावसबहिणीचं लग्न, गाण्याचा क्लास, दुखरी दाढ, जुन्या मैत्रिणीशी धरलेला अबोला सोडणं, सगळं पोस्ट निघाल्यावर. निकालाच्या पीडीएफमध्ये नंबर सापडला नाही की तो एक पेपर गेला असं वाटायचंच नाही. राखून ठेवलेलं सगळं आयुष्यच पुन्हा वर्षभर पुढे जायचं. मग आठवडाभर मेसमध्ये जेवायलाही जावंसं वाटायचं नाही.

मानसशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने मागे कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांचा २००३ चा शोधनिबंध वाचायला दिला होता. हाती न येणारं ध्येय सोडता येणं वेगळं आणि नवं काही धरता येणं वेगळं. मनाच्या स्वास्थ्याशी दोन्हींचा संबंध आहे, असं त्यात आहे. तेव्हा मला तिचा राग आला होता. सोडणारे म्हणजे हरलेले, एवढंच मला ठाऊक होतं. आज सोडणं जमलं. धरायचं काय ते अजून कळलेलं नाही, आणि त्याची भीती वाटते.

संध्याकाळी आबांना फोन केला. ‘आबा, मी थांबतेय.’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग त्या दाढेचं आधी बघून घे, बाळा.’

उद्या अकराची वेळ घेतली आहे.