खिशातला राजीनामा

परवा ऑफिसात अप्रेझलची मीटिंग झाली आणि बाहेर आल्या आल्या मी राजीनाम्याचा मेल टाईप करायला घेतला. चार ओळींचा. कारण विचारू नका, तुम्हीपण कधी ना कधी टाईप केलेला असणार आणि सगळ्यांची कारणं साधारण तीच असतात. बॉसचं नाव टाकलं, एचआरला सीसी केलं, बोट सेंडवर नेलं, आणि तेवढ्यात खिडकीतून राजाबाई टॉवर दिसला आणि मन जे भरकटलं ते थेट एप्रिल १८६१, वॉशिंग्टन, फ्रँकलिन बुकॅनन नावाच्या नौदल कॅप्टनच्या टेबलापाशी जाऊन थांबलं.

मला आरमारांचं वाचायची खोड आहे. लहानपणी बाबा अलिबागला न्यायचे, ओहोटी लागली की चपला हातात घेऊन किल्ल्यापर्यंत चालत जायचं आणि परत येताना कान्होजींच्या समाधीपाशी थांबायचं. बाबा तिथे 'सरखेल' (म्हणजे आरमाराचा प्रमुख) हा शब्द असा म्हणायचे की त्यांना स्वतःलाच कोणीतरी ती पदवी दिलीय. तेव्हापासून कुठल्याही देशाचं आरमार असो, मी वाचते, उपयोग शून्य.

तर बुकॅनन. ४६ वर्षं नौकरी झालेली, अ‍ॅनापोलिसची नेव्हल अ‍ॅकॅडमी १८४५ ला उघडली तिचा पहिला मुख्य हाच, आणि आता वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डचा, म्हणजे नौदलाच्या गोदीचा, प्रमुख. एप्रिलच्या सुरुवातीला मुलीचं लग्न, लग्नाला खुद्द लिंकन हजर. आणि त्याच महिन्यात अमेरिकेचं उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडची राज्यं एकेक करून देशातून फुटत होती, मेरीलँडमधल्या बाल्टिमोरच्या रस्त्यावर दंगल झाली आणि गडी मेरीलँडचा, त्याला वाटलं आता आपलं राज्यपण गेलंच. २२ एप्रिलला राजीनामा देऊन मोकळा.

आणि मेरीलँड गेलंच नाही!

तुम्ही स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा. दहाबारा दिवस वाट बघितली असेल, रोज पेपर उघडून, आज फुटेल, उद्या फुटेल. मग बिचाऱ्याने नौदलमंत्री गिडियन वेल्सला लिहिलं की माझा राजीनामा मागे घ्यायचा आहे. वेल्स मूळचा पेपरवाला, ही भलीमोठी पांढरी दाढी आणि डोक्यावर विग, लिंकन त्याला नेपच्यून म्हणायचा. त्याने उत्तर पाठवलं की तुमचं नाव यादीतून काढून टाकलेलं आहे. राजीनामा मंजूर पण नाही हो, सरळ नाव कट. जीमेलमध्ये अनडू करायला जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात आणि आपण त्यावर कुरकुरतो.

आमच्याकडेही एक राजीनामा होता. मी पाचवीत असेन. बाबांची कुठेतरी लांब बदली झाली, आणि ती का झाली याच्यावर घरात आठवडाभर दबक्या आवाजात चर्चा, आम्ही मुलं खोलीत आलो की एकदम 'अभ्यास झाला का?'. एका रविवारच्या दुपारी बाबांनी फुलस्केप काढला, शाईचं पेन भरलं, पहिला कागद 'महोदय' लिहून फाडला, दुसरा 'महोदय' लिहून फाडला, तिसऱ्यावर मात्र पूर्ण लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा सुंदर. राग आला की बाबांचं अक्षर सुधारायचं, हे मी अजून कोणात पाहिलेलं नाही. पाकिटाला जिभेने चिकटवलं, शर्ट घातला, आणि आई कणीक मळता मळता, मान वर न करता म्हणाली, "अहो, आज रविवार. पेटी उद्या उघडणार. उद्याच टाका."

बस. संपला विषय. पाकीट रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात गेलं आणि तिथेच राहिलं. बाबा मुकाट बदलीच्या गावी गेले, तीन वर्षांनी परत आले, आणि पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला "मी तर तेव्हा राजीनामा दिला होता" हे वाक्य ऐकवायचे. दिला होता! आपल्याकडे पुढारी राजीनामे खिशात घेऊन फिरतात तेव्हा लोक हसतात, मला मात्र रेशनकार्ड आठवतं.

बुकॅननच्या घरी कोणी कणीक मळत नसणार.

दुसरा माणूस डेव्हिड फॅरागट, त्याच नौदलातला. नऊ वर्षांचा असताना नौदलात गेला, हो नऊ, आपली पोरं त्या वयात डबा विसरतात. बाराव्या वर्षी तर पकडलेलं एक जहाज बंदराला पोचवायला त्याच्या ताब्यात दिलं होतं. हापण दक्षिणेचाच, जन्म टेनेसीचा, बायको व्हर्जिनियातल्या नॉरफोकची, घर तिथेच. व्हर्जिनियाने फुटायचं ठरवलं तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले की असली मतं असतील तर इथे राहणं कठीण, तर हा म्हणाला ठीक आहे, दुसरीकडे राहतो, आणि बायकोमुलाला घेऊन न्यूयॉर्ककडे चालू पडला. एवढं करून सरकारला त्याचापण संशय! दक्षिणेचा माणूस ना, म्हणून आधी अधिकाऱ्यांची निवृत्ती ठरवणाऱ्या बोर्डावर बसवला. वय साठ. असं सांगतात की वाढदिवसाला तो कोलांटी मारून बघायचा, आपण म्हातारे झालो की नाही ते कळावं म्हणून. मग १८६२ च्या एप्रिलमध्ये रात्रीच्या अंधारात दोन किल्ल्यांच्या तोफांमधून ताफा काढून त्याने न्यू ऑर्लिन्स घेतलं, आणि जुलैत अमेरिकेचा पहिला रिअर अ‍ॅडमिरल झाला. तोवर त्यांच्याकडे अ‍ॅडमिरल हे पदच नव्हतं, शब्दाला राजेशाहीचा वास येतो म्हणे, त्यामुळे सगळ्यात वर कॅप्टन. आपल्याला सरखेल म्हणायला कधी लाज नाही वाटली.

आणि बुकॅनन? काही महिने घरी बसला आणि शेवटी दक्षिणेत गेलाच. ८ मार्च १८६२ ला 'व्हर्जिनिया' नावाची लोखंडी पत्र्याची नाव घेऊन त्याने उत्तरेची दोन लाकडी जहाजं संपवली. त्यातल्या 'काँग्रेस' नावाच्या जहाजावर त्याचा सख्खा भाऊ होता, हिशेबनीस. भाऊ वाचला. याला किनाऱ्यावरून मांडीत गोळी लागली, त्यामुळे दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या 'मॉनिटर' या लोखंडी नावेबरोबर जी लढाई झाली, जी सगळ्या जगाला माहीत आहे, ती याने अंथरुणावर काढली. नशीब म्हणतात ते हेच. त्या ऑगस्टमध्ये त्यालापण दक्षिणेने अ‍ॅडमिरल केलं.

दोघांची गाठ पडली ५ ऑगस्ट १८६४ ला, मोबाईल बेमध्ये (फोनशी संबंध नाही, अलाबामातली खाडी आहे). दोघंही ६३ वर्षांचे. पाण्यात सुरुंग पेरलेले, त्यांना तेव्हा टॉर्पेडोच म्हणायचे. उत्तरेची 'टेकमसेह' सुरुंगावर गेली आणि बघता बघता नव्वदहून जास्त माणसं घेऊन बुडाली. तिच्या कॅप्टनची, क्रेव्हनची गोष्ट सांगतात की शिडीपाशी तो आणि वाटाड्या एकदमच पोचले, एकाच माणसाला जागा, आणि हा मागे सरकून म्हणाला, आधी तुम्ही. वाटाड्या वाचला. आपण लिफ्टपाशी आधी तुम्ही आधी तुम्ही करत दार बंद होईपर्यंत उभे राहतो त्याची मला नंतर कितीतरी दिवस लाज वाटत होती.

फॅरागट वर दोरखंडांत चढलेला, धुराच्या वरून दिसावं म्हणून, आणि पडू नये म्हणून एका खलाशाने त्याला दोरीने बांधून ठेवलेलं. पुढचं जहाज अडलं तेव्हा तो जे काही ओरडला, नेमके शब्द कोणते यावर अजून वाद आहे, पण अर्थ एवढाच की सुरुंग गेले खड्ड्यात, चला पुढे. ते वाक्य तिकडे शाळेतल्या पोरांना पाठ असतं. मला मात्र त्यानंतरचं आवडतं. बाकीची साथ संपल्यावरपण बुकॅनन एकटी 'टेनेसी' नावाची लोखंडी नाव घेऊन सगळ्या ताफ्यावर चालून आला. सुकाणूच्या साखळ्या तुटल्या, पाय मोडला, तलवार दुसऱ्याच्या हातून फॅरागटकडे गेली. आणि फॅरागटने त्याला उपचाराला पेन्साकोलाच्या इस्पितळात पाठवून दिलं. पाय वाचला. तलवार देताघेताना ते एकमेकांशी बोलले पण नाहीत, एक वर डेकवर, एक खाली मोडक्या पायाने आडवा.

आता राजाबाई टॉवर का, तर वेल्सच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं आवळली, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या दिवसांत कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदनी आईच्या नावाने टॉवरसाठी पैसे दिले. १८६५ ला तिकडे युद्ध संपलं आणि इकडे समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरची रद्दी झाली. प्रेमचंदपण बुडाले. टॉवर मात्र झाला, १८७८ ला पुरा, आणि माझ्या खिडकीत आला.

तेवढ्यात चहावाला आला. आलं जास्त झालं होतं. बघितलं तर साडेचार, बॉस घरी गेलेला, एचआरवाली पर्स आवरत होती, आणि वार होता शुक्रवार. म्हणजे आता पाठवला तरी वाचणार सोमवारी.

मेल ड्राफ्टमध्येच आहे. दोन स्वल्पविराम टाकले फक्त.