कार्व्हरच्या एम्समध्ये दोन दिवस

अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी डे मॉइन, तिथून एम्सला जाणारा रस्ता उत्तरेकडे जेमतेम ५० किलोमीटरचा आहे, आणि ऑक्टोबरात त्याच्या दोन्ही बाजूंना वाळून पिवळी पडलेली मक्याची शेते नजर पोहोचेल तिथपर्यंत दिसत राहतात. माझा भाचा तिथल्या आयोवा राज्य विद्यापीठात संशोधन करतो, त्यामुळे उतरण्याची सोय होती. पण खरे सांगायचे तर मी गेले ती गुलामीत जन्मून शेतीशास्त्रज्ञ झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरसाठी. शाळेत असताना त्याचे मराठी चरित्र मी इतक्या वेळा वाचले होते की टस्कीगी, जिथे त्याने पुढे आयुष्यभर शिकवले, हे नाव मला शेजारच्या गावासारखे वाटे. ज्या विद्यापीठाने त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून घडवले, ते एम्स मात्र मनात अंधुकच राहिले होते.

कार्व्हर येथे १८९१ मध्ये आला. त्याआधी तो इंडियानोलाच्या सिम्पसन कॉलेजात चित्रकला शिकत होता. फुलापानांवरचा त्याचा हात पाहून त्याच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याला शेतीशास्त्राकडे वळवले आणि एम्सला, जिथे त्यांचे वडील उद्यानविद्येचे प्राध्यापक होते, तिथे पाठवले. या विद्यापीठाचा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात त्याला बसू दिले नाही, आणि तळघरात शेतावरच्या मजुरांबरोबर त्याने जेवावे असे ठरले. हे कळताच इंडियानोलाच्या त्याच्या स्नेही लिस्टनबाई एम्सला आल्या आणि त्याच्याबरोबर त्याच टेबलावर जेवायला बसल्या. चरित्रातला हा प्रसंग मी वाचलेला होता, तरी त्या आवारात उभी राहून तो आठवताना माझा घसा दाटून आला. पुढे लुई पॅमेल यांच्यासारखा गुरू त्याला लाभला, १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळाली, आणि त्याच विद्यापीठात शिकवणारा पहिला कृष्णवर्णीय शिक्षकही तोच ठरला. त्या वर्षांत एका प्राध्यापकांचा लहान मुलगा त्याच्या मागोमाग रानात हिंडून झाडे ओळखायला शिकत असे. तो हेन्री वॉलेस पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाला. कार्व्हरच्या नावाच्या इमारतीत आज गणित विभाग आहे. त्याच्या पुतळ्यासमोर मी बराच वेळ थांबले. तासाला निघालेली मुले माझ्या बाजूने वाट काढत जात होती.

आवारातली सर्वांत जुनी वास्तू म्हणजे १८६० मध्ये बांधायला घेतलेले फार्म हाउस, जे आता संग्रहालय आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला, अमेरिकी संसदेतल्या त्याच्या दर सदस्यामागे ३० हजार एकर या हिशेबाने सरकारी जमीन मिळाली, जी विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभारायची होती. आयोवाने हा कायदा सर्वांच्या आधी स्वीकारला. ही जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हे त्या इतिहासातून वगळता येत नाही. मात्र शेतकऱ्याच्या कामाला विद्यापीठात जागा असावी, हा विचार या कायद्याने रुजवला, आणि पुढे तोच नमुना समोर ठेवून आपल्याकडची कृषी विद्यापीठे घडली. येथील प्राध्यापक पेरी होल्डन यांनी १९०४ मध्ये मक्याच्या बियाण्याची माहिती देणारी आगगाडीच गावोगाव नेली. स्टेशनवर गाडी थांबे, शेतकरी डब्यात चढत आणि व्याख्यान ऐकून उतरत. लहानपणी वडिलांबरोबर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिवारफेरीला जाऊन निरनिराळे वाण पाहिल्याचे मला तेव्हा आठवले. त्या वाफ्यांचे नाते कुठल्या मातीशी आहे, ते मला इतक्या वर्षांनी उमगले.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मेमोरियल युनियन हे विद्यार्थ्यांचे केंद्र दाखवले. उत्तरेकडच्या दारातून मी आत पाऊल टाकणार, तोच तो म्हणाला, "मावशी, थांब! मधून नको, कडेने ये." खाली फरशीत बारा राशींच्या ब्राँझच्या आकृती उठावात बसवलेल्या होत्या. येण्याजाण्याने त्या झिजून फरशीशी समतल व्हाव्यात, अशी वास्तुशिल्पकाची कल्पना होती. पण त्यांवर पाय पडला की पुढच्या परीक्षेत नापास, असा समज मुलांमध्ये पसरला आणि १९२८ पासूनची ती इमारत असूनही राशी अजून उंचच आहेत. कुणाचा चुकून पाय पडलाच, तर समोरच्या कारंज्यात नाणे टाकायचे, असा उतारा आहे. आपल्याकडे उंबऱ्यावर पाय देत नाहीत, तसाच हा संकोच मला वाटला. आत लागलीच गोल्ड स्टार हॉल आहे, ज्याच्या भिंतींवर युद्धांत गेलेल्या इथल्या विद्यार्थ्यांची नावे कोरलेली आहेत. बोलत आलेली मुले तिथे आवाज खाली आणतात, ते पाहून मला बरे वाटले.

शेवटी आम्ही स्टेडियमकडे गेलो. जॅक ट्राइस हा येथला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, अमेरिकन फुटबॉल खेळणारा, पशुसंवर्धनाचा विद्यार्थी. ६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनेसोटा विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात गळपट्टीचे हाड मोडूनही तो खेळत राहिला, नंतर तुडवला गेला, आणि दोनच दिवसांनी गेला. सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलात त्याने लिहिलेले पत्र त्याच्या कोटात सापडले. आपल्या वंशाची, घराण्याची आणि स्वतःची अब्रू पणाला लागली आहे, असे त्याने त्यात लिहिले होते. आवारातल्या अंत्यविधीला सुमारे चार हजार माणसे जमली होती, आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ते पत्र त्यांना वाचून दाखवले. तरीही स्टेडियमला त्याचे नाव मिळायला १९९७ साल उजाडावे लागले. सत्तरच्या दशकापासून विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी ही मागणी लावून धरली, १९८४ मध्ये फक्त मैदानाला नाव मिळाले, तेवढ्यावर ते थांबले नाहीत. हा चिवटपणा मला या विद्यापीठाच्या सगळ्या परंपरांहून मोठा वाटतो.

आम्ही गेलो त्याच्या पुढच्याच दिवशी सामना होता आणि वाहनतळावर तयारी सुरू होती. मी भाच्याला विचारले, स्टेडियममध्ये तू नेहमी येतोस का? तो म्हणाला, "येतो ना. पण इथे कुणी स्टेडियम म्हणत नाही, मावशी. उद्या 'जॅक ट्राइस'ला येतोस का, असंच विचारतात."