शेवटच्या बाकावरचा फोन

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर एसटीच्या रांगेतही हाच प्रश्न आला: "बाई, एरवी शाळेत फोन दिसला की तुम्ही काढून घेता, आणि नाटकाच्या तालमीला मात्र तुम्हीच आणायला लावता. असं कसं?"

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि दरवर्षी नववीचं नाटक बसवते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी तर मला विष्णुदास भाव्यांचाच दाखला देतात. "1843 साली सांगलीत नाटक उभं राहिलं, तेव्हा कुठे होता फोन?" मी म्हणते, तेव्हा लिहिलेले संवादही नव्हते. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. म्हणून काय आज संहिता फेकून द्यायची?

खरं तर मी याकडे हौसेनं वळले नाही. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आमचं नाटक अर्धं बसलं होतं. झूमवर तालीम घेऊन पाहिली. फुकटातल्या मीटिंगला चाळीस मिनिटांची मर्यादा, त्यातली पंधरा "बाई, आवाज येतोय का?" यात जायची. नाटकात दिंडीचा प्रसंग होता, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. दहा घरांतून दहा आवाज मागेपुढे पोचायचे. त्यात ते ॲप एकाचाच आवाज वर काढतं आणि बाकीचे दाबतं. टाळ तर त्या ॲपला गोंगाट वाटायचा, ते तो आवाज पुसूनच टाकायचं. विठ्ठलाचं नाव एकटा एक पोरगा घेतोय आणि बाकीच्यांची तोंडं नुसती हलतायत, अशी ती दिंडी. दोन दिवसांत नाद सोडला.

मग आठवलं ते नभोनाट्य, म्हणजे रेडिओवरचं नुसतं ऐकायचं नाटक. लहानपणी आम्ही आकाशवाणीवरच्या श्रुतिका कान लावून ऐकायचो. मुलांना सांगितलं, 1924 साली बीबीसीवर एक नभोनाट्य झालं, त्यातली माणसं कोळशाच्या खाणीत अडकलेली, दिवे गेलेले. ऐकणाराही अंधारात आणि पात्रंही अंधारात! लोडशेडिंग बघितलेल्या पोरांना हे वेगळं समजवावं लागलं नाही. त्यांनी विहिरीत पडलेल्या पोराची गोष्ट रचली. प्रत्येकानं आपापला संवाद घरी बोलायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर जाणारा. त्यामुळे माझ्याकडे नाटक रात्री दहानंतर यायचं. खोलीत आवाज घुमतो म्हणून पोरं गोधडी पांघरून बोलायची. पाऊस म्हणजे सुपात फिरवलेले तांदूळ. मी ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर भाच्याकडून शिकले आणि तुकडे जोडत बसले.

ते जोडताना जे कळलं, ते वीस वर्षांच्या तालमींत कळलं नव्हतं. आपली मुलं वाक्याचा शेवट गिळतात. सुरुवात खणखणीत करतात आणि पुढे श्वास संपतो. आता मराठीत क्रियापद येतं शेवटी, नकारही येतो शेवटी. "तो परत आला नाही" यातला "नाही" पडला की पोरगा परत आलेला असतो, आणि पुढची पात्रं उगाच रडत असतात. तालमीत मला संवाद पाठ असायचे, त्यामुळे न ऐकू आलेलं "नाही" माझा कान आपणच भरून घ्यायचा. फोनला नाटक पाठ नव्हतं.

शाळा उघडल्या तरी हे मी सोडलं नाही. आता आमचा फोन सभागृहातल्या शेवटच्या बाकावर पालथा ठेवलेला असतो, फक्त आवाज टिपत. प्रवेश संपला की सगळे मिळून ऐकतो. पूर्वी मी "मोठ्यानं बोल" म्हणायचे आणि पोरं किंचाळायची. आता त्यांचं त्यांनाच कळतं की आवाज पुरे आहे, श्वास कमी पडतोय.

फसगतही झाली. एका वर्षी मी सगळे संवाद माझ्या आवाजात पाठवले, पाठांतराला बरे म्हणून. पोरांनी ते दीडपट वेगानं ऐकले आणि त्याच वेगानं पाठ केले. विरामबिराम सगळे गेले. आईचा मृत्यू सांगणारी मुलगी क्रिकेटचं धावतं समालोचन करत असल्यासारखी बोलत होती. ते मोडायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून माझ्या आवाजातलं काही पाठवत नाही. नाहीतरी बाईंची नक्कल करणारी बारा पात्रं कोणाला हवीत?

बोलून टाईप करायची सोय वापरून मुलं संहिता लिहितात, तिचीही एक गंमत. एकीनं तिच्या आजीच्या तोंडचं "न्हाई गं, कुटं जातीस" असं बोलून पाहिलं, तर पडद्यावर "नाही गं, कुठे जातेस" उमटलं. ती म्हणाली, "बाई, हे बी तुमच्यासारखंच शुद्धलेखन तपासतंय." लागलं मला ते. आजीचे संवाद तेव्हापासून हातानंच लिहितो.

प्रकाशयोजनेला मात्र फोनचा टॉर्च झकास. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचं नेपथ्य करायचं, टॉर्चपुढे रंगीत जिलेटिनचा पारदर्शक कागद धरायचा. समोरून उजेड टाकला की चेहरा सपाट, खालून टाकला की भूत, हे पोरं पाच मिनिटांत शिकतात.

आता व्हिडिओचं विचाराल, तर तालमीत कॅमेरा सुरू करू देत नाही. त्यावरून पालक नाराज होतात. एकदा एका वडिलांनी हौसेनं तालीम टिपली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा जिथे फोन धरला होता तिथेच बघून बोलायला लागला, समोरच्या पात्राकडे बघेचना. हातही छातीच्या वर येईनात, कारण चौकटीत तेवढंच दिसलं होतं. स्वतःचा आवाज ऐकून मूल थोडं ओशाळतं आणि कामाला लागतं; स्वतःचं चित्र पाहून केस नीट करतं. हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असू शकेल. शिवाय मुलींचे व्हिडिओ कुठल्या ग्रुपवर कुठवर जातील, याची हमी मी कोणाला देऊ?

यंदाच्या नाटकात एक मुलगा आहे, त्याला स्टेजवर यायचंच नाही. शेवटच्या बाकावरचा फोन त्याच्या ताब्यात. प्रवेश संपला की तो कानाला फोन लावून मधल्या वाटेनं पुढे येतो, आणि सगळी पात्रं त्याच्याकडे बघत उभी राहतात. परवा म्हणाला, "पाटलाचं 'देतो' ऐकू येतंय. 'देतो का' मधलं 'का' न्हाई येत."

पाटील झालेल्या पोरानं श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं.