बॅलेची नोंद: डावीकडचा पिरुएट आणि फिनलंडहून परतलेली शेजारीण

आधी प्रगती. डाव्या पायावर उभं राहून पासेमध्ये (दुसऱ्या पायाची बोटं गुडघ्याशी) बार, म्हणजे आधाराचा दांडा, सोडता येतो, आणि सोडल्यावर खांदे कानांकडे धावत नाहीत. उजवीकडचा सिंगल पिरुएट, म्हणजे एका पायावरची एक गिरकी, बहुतेक वेळा पुरा होतो. डावीकडचा मात्र अर्ध्या वाटेतच ढेपाळतो. उडी मारून खाली येतानाचा धप्प आवाज बराच कमी झालाय. लहानपणी डोंबिवलीत भरतनाट्यम शिकलेल्यांना हे दुखणं ठाऊक असेल. पाय आपटायची सवय टाचेत मुरलेली असते, आणि इथे आधी बोटं, मग चवडा आणि शेवटी टाच असं मुकाट्याने उतरायचं असतं. प्लिएचंही (गुडघे वाकवून खाली जाण्याचं) तेच. भरतनाट्यमच्या अरमंडीत, त्या अर्ध्या बैठकीत, बसायचं असतं, प्लिएत थांबायचं नसतं. खाली पोचलात की त्याच क्षणी वर निघायचं. हे डोक्याला लगेच कळलं, मांड्यांना कळायला फार वेळ लागला.

या वेळची नोंद मात्र निम्मी माझी आणि निम्मी बारवरच्या शेजारणीची. मी राहते अमेरिकेत, युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळ. संध्याकाळच्या मोठ्यांच्या क्लासला आम्ही चाळिशीपुढच्या बायका, एक निवृत्त दंतवैद्य आणि ही पोरगी. ती लहानपणापासून बॅले शिकलेली. मग दीड वर्ष मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक, म्हणून फिनलंडला जाऊन आली. परत आली तेव्हा पोटऱ्यांतली ताकद गेलेली, कंबर घट्ट झालेली, म्हणून वरच्या वर्गात न जाता आमच्याबरोबर तांद्यूपासून (पाय ताणून जमिनीवर सरकवण्याच्या पहिल्या धड्यापासून) पुन्हा सुरुवात करतेय. (2018 पासून त्यांचं चर्च ‘मॉर्मन’ म्हणू नका, पूर्ण नाव घ्या असं सांगतं. तिला विचारलं तर म्हणाली, तू म्हण, चालेल.)

युटामध्ये बॅले आणि चर्च एकाच घरात नांदतात, याचं मला आल्या आल्या नवल वाटलं होतं. अमेरिकेतल्या अनेक कडक पंथांना नाच म्हणजे पाप वाटायचं, पण या मंडळींना 1847 मध्ये, पश्चिमेकडे निघण्याच्या तोंडावर, त्यांचे तेव्हाचे पुढारी ब्रिगहम यंग यांच्याकडून जो धर्मादेश मिळाला त्यात गाण्या-नाचाने देवाची स्तुती करा असं स्पष्ट म्हटलंय. बॅले बसवणारे विलम क्रिस्टेन्सेन याच मातीतले. 1902 मध्ये ब्रिगहम सिटीत जन्म, घरात नाच आणि संगीत शिकवण्याची परंपरा, तरुणपणी भावांबरोबर व्हॉडव्हिलच्या (नाच, गाणी, विनोद अशा मिश्र खेळांच्या) फिरत्या रंगमंचांवर कामं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत 1944 च्या नाताळात त्यांनी ‘नटक्रॅकर’ हा बॅले पूर्ण बसवला, अमेरिकन कंपनीने केलेला तो पहिलाच. 1951 मध्ये ते युटा विद्यापीठात शिकवायला परतले आणि 1963 मध्ये त्यांनी जी कंपनी उभी केली तीच आजची बॅले वेस्ट. इथे दर डिसेंबरला अजूनही त्यांचाच ‘नटक्रॅकर’ होतो आणि आमचा अख्खा क्लास तिकिटांच्या मागे लागतो.

मिशनची रीत थोडक्यात सांगते. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, तुम्ही नाही. मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्ष. 2012 मध्ये मुलींसाठी वयाची अट 21 वरून 19 वर आली आणि तेव्हापासून खूप मुली जाऊ लागल्या. 2025 मध्ये ती 18 वर आली. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. आधी युटातल्याच प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात भाषा आणि धडे, मग छातीवर नावाची काळी पट्टी लावून परमुलखात. सकाळी साधारण साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग अभ्यास, मग दिवसभर लोकांना भेटणं, साडेदहाला दिवे बंद. आठवड्यातून एक दिवस कपडे धुवायला, बाजारहाट करायला आणि घरी फोन करायला. घरचा साप्ताहिक फोनही 2019 पासूनचा. त्याआधी नाताळ आणि मदर्स डे एवढाच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकटं कधीच राहायचं नाही. कायम एक जोडीदारीण बरोबर. तीही तुम्ही निवडायची नाही, आणि जमतंय असं वाटेपर्यंत बदली.

व्यायामाच्या त्या अर्ध्या तासात शेजारीण स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून बारवरचे व्यायाम करायची. पियानोचं संगीत लावायचं नाही हे तिने स्वतःच ठरवलं होतं, म्हणून तोंडाने मोजायची, आणि भाषा पक्की व्हावी म्हणून फिनिशमध्ये. युक्सि, काक्सि, कोल्मे, नेल्या. ती सवय अजून सुटलेली नाही. आमच्या बाई ‘अँड वन’ म्हणतात आणि माझ्या पाठीमागून हलकंच ‘युक्सि’ येतं. आता माझेही देगाजे (पाय झटकन ताणून जरा उचलण्याचे व्यायाम) ‘नेल्या’वरच, म्हणजे चारवरच, बंद होतात.

बॅलेने तुला तिथे काय दिलं, असं विचारल्यावर मला वाटलं शिस्त, सहनशक्ती वगैरे ठरावीक उत्तर येईल. ती म्हणाली, “दुरुस्ती घेता येते, एवढंच. बाकी सगळं तिथे सगळ्यांनाच येतं.”

क्लासला जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. बाई येतात, तुमच्या कंबरेच्या हाडावर दोन बोटं ठेवतात, ‘हे वर चाललंय’ म्हणतात. तुम्ही थँक्यू म्हणता आणि पुन्हा करता. कारण द्यायचं नाही. आपल्याकडे कुणी चूक दाखवली की ‘अहो, तेच करत होते’ हे वाक्य जिभेवर तयार असतं. बॅलेच्या क्लासला ते चालत नाही. तोवर संगीत पुढे गेलेलं असतं.

मिशनवर जोडीदारणींनी आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकींना सांगायचं असतं, काय बरं चाललंय आणि काय सुधारायला हवं. शेजारणीने पहिल्या बैठकीत, क्लासच्या सवयीने, सरळ यादीच वाचली. तू फार भरभर बोलतेस, समोरच्याचं वाक्य तोडतेस, नकाशा बघताना माझं ऐकत नाहीस. समोरची मुलगी रडली आणि दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिला आयुष्यात कुणी असं उघड काही सांगितलेलंच नव्हतं.

मग शेजारणीने विचार केला की क्लासमधली दुरुस्ती का टोचत नाही. तिचं म्हणणं मला इतकं पटलं की तसंच्या तसं मांडते. बाई एका वेळी एकच गोष्ट सांगतात. ती शरीराबद्दल असते, स्वभावाबद्दल नसते. घडल्या घडल्या सांगतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लगेच दुसरी बाजू, म्हणजे तेच दुसऱ्या पायाने, करायची असते, त्यामुळे सुधारायची संधी पुढच्या मिनिटाला हातात असते. आठवड्याच्या बैठकीत यातलं काहीच नव्हतं. सोमवारची चूक शनिवारी ऐकायची, चार चुकांबरोबर ऐकायची, आणि पुन्हा करून बघायला काही नाही. मग दोघींनी ठरवलं की काय ते जिन्यात बोलायचं. एका दारातून बाहेर पडल्यावर, खालच्या मजल्याच्या दारापर्यंत, प्रत्येकीने फार तर एक गोष्ट सांगायची. ऐकणारीने फक्त ‘बरं’ म्हणायचं. खालचं दार म्हणजे दुसरी बाजू.

हे चाललं. इतकं की बदली झाल्यावर त्या मुलीने ते पुढच्या जोडीदारणीला शिकवलं म्हणे.

पण एक गफलत तिला उशिरा लक्षात आली. फिनलंडमध्ये दार उघडणारे बहुतेक लोक शांतपणे ‘नको, धन्यवाद’ म्हणून दार लावतात. ती सुरुवातीला प्रत्येक ‘नको’लाही दुरुस्तीच समजायची. विभक्ती चुकली का? फिनिशमध्ये पंधरा विभक्त्या आहेत, काहीतरी चुकलेलंच असायचं. पिरुएटमधून पडलात तर ते पडणं तुमच्याबद्दल काहीतरी सांगतं. वजन मागे होतं, पाठ सुटली, काहीतरी. बंद झालेलं दार तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. त्या माणसाला तुमचा धर्म नको असतो, बस. हे मला विशेष आवडलं, कारण मी स्वतः दार लावणाऱ्यांच्या पक्षातली. आमच्याकडे ती पांढऱ्या शर्टातली पोरं येतात तेव्हा मी पाणी विचारते, चहा विचारून चालत नाही (त्यांच्या धर्मात तो वर्ज्य), आणि नमस्कार करून निरोप देते. त्यांच्या व्याकरणावर माझा काही राग नसतो.

घरात कुणी बोलावलंच तर आणखी गंमत. फिनलंडमध्येही आपल्यासारखेच चपला-बूट दारात काढून आत जातात. त्यामुळे हिचे मोज्यांतले पाय सगळ्यांना दिसायचे. अंगठ्याच्या मुळाशी आलेलं हाड, वाकडं झालेलं दुसरं बोट. एका आजीबाईंनी धर्माचं काही ऐकून न घेता आधी पायांचीच चौकशी केली, आणि पुढचा तासभर त्यांच्या तरुणपणच्या नाचाच्या गप्पा झाल्या. तिथे लोक बोलता बोलता थांबतात आणि ती शांतता कुणाला खुपत नाही. जोडीदारीण घाईघाईने ती भरून काढायला जायची. शेजारीण म्हणते, अदाज्योमध्ये, म्हणजे संथ लयीच्या भागात, पाय वर गेल्यावर पुढच्या मात्रेकडे पळायचं नसतं, हे माहीत असल्याने मला गप्प बसता आलं.

आता बॅलेने केलेलं नुकसान. हेही लिहायला हवं, कारण आपण मंडळी सगळीकडे गुणगानच करत असतो. हिवाळ्यात बर्फावर तिचा घोटा मुरगळला. बॅलेची शिकवण काय, तर दुखणं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. तिने दिलं नाही. सुजलेला पाय बुटात कोंबून चालत राहिली, आणि त्यात मिशन अर्धवट सोडून परत येणाऱ्यांकडे घरी कसं बघितलं जातं याची धास्ती. शेवटी जिन्यात जोडीदारणीने आपली एक गोष्ट सांगितली, “तू लंगडतेस.” उत्तर ठरलेलं होतं, त्यामुळे हिला ‘बरं’ म्हणावंच लागलं. जोडीचा नियम असल्याने एकीने घरी राहायचं तर दोघींनी. हिला त्याचा अपराधीपणा, तिला मात्र बसून फिनिश वाचायला मिळाल्याचा आनंद. क्लासमध्ये जखमी माणूस बाकावर बसून वही घेऊन बघतो, ही बॅलेचीच रीत असूनही ती तिथे आठवली नाही, याचं शेजारणीला आजही हसू येतं. मला ते तेवढं विनोदी वाटत नाही. नाचणाऱ्या मुलींना दुखणं लपवायला शिकवणारे बरेच, बाकावर बसायला शिकवणारे थोडे.

स्पॉटिंगबद्दलही, म्हणजे गिरकी घेताना नजर एका बिंदूवर ठेवण्याबद्दलही, आमचा वाद झाला. एका बिंदूवर नजर ठेवा म्हणजे आयुष्यात चक्कर येत नाही, हे भाषणांत फार ऐकायला मिळतं. ती म्हणाली, ज्यांनी पिरुएट केलेला नाही तेच असं बोलतात. नजर धरूनच ठेवलीत तर मान मोडेल. डोकं सगळ्यात शेवटी निघतं, पण निघतंच, आणि सगळ्यात आधी पोचतं. मिशनवर घरची आठवण ती अशीच हाताळायची. आठवडाभर घर नजरेआड, फोनच्या दिवशी पूर्ण घरात.

यातून माझ्या पिरुएटला काय मिळालं, ते सांगते. जिन्याचा नियम आम्ही दोघींनी क्लासमध्ये लावलाय. सेंटरला, म्हणजे बार सोडून खोलीच्या मधोमध, आपली रांग झाली की बाजूला जाताना एकमेकींना एकच गोष्ट सांगायची, उत्तर ‘बरं’. तिने एके दिवशी सांगितलं, “तुझं डावीकडचं वळण बिघडलेलं नाही, उजवा पाय झोपलाय.” डावीकडे फिरताना उभं राहायचं असतं उजव्या पायावर, आणि माझा उजवा घोटा रेलेवेत (टाच उचलून चवड्यावर उभं राहताना) करंगळीकडे कलंडतो. मी इतके दिवस हात, डोकं, सुरुवातीची पायांची चौथी पोझिशन असं सगळं तपासत होते. आता रबरी पट्टीने घोट्याचा व्यायाम, आणि दात घासताना उजव्या पायावर सावकाश रेलेवे, वजन अंगठा आणि दुसऱ्या बोटावर. पासेतला तोल त्या पायावरही क्षणभर लागायला लागलाय. वळण अजून नाही.

मी तिला सांगितलेली गोष्ट म्हणजे, उडीआधी श्वास धरतेस. ती ‘बरं’ म्हणाली आणि पुढच्या रांगेत मोठ्याने ‘युक्सि’ म्हणून उडाली, त्यावर बाईंनी पियानो थांबवायला लावून विचारलं की हे कोण मोजतंय.

पुढच्या नोंदीत कॅनव्हास आणि चामड्याच्या चपलांची तुलना लिहीन. रुंद चवड्याच्या आपल्या पायांना कुठला आकार बसतो याचा कुणाला अनुभव असेल तर जरूर सांगा, माझी करंगळी शिवणीवर घासतेय.