आधी कव्हर, मग पुस्तक

कव्हरसाठी जुनी सायन्स फिक्शन पेपरबॅक जमवायची तर आधी यादी करायची पद्धत बदलावी लागते. माझ्या वहीत कादंबरीचं नाव शेवटच्या रकान्यात आहे. त्याआधी प्रकाशक, पुस्तकावरचा क्रमांक, छापील किंमत, मुद्रणाचं साल आणि चित्रकार. चालणारी कादंबरी वीस वर्षांत चार-पाच वेळा नव्या कव्हरनिशी निघते. मजकूर तोच, चित्र निराळं. हवं ते पुस्तक मिळालं म्हणून घरी आणावं आणि हवं ते चित्र दोन छपायांमागे होतं हे मग कळावं, यात या छंदातले सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. याचा फायदाही आहे. पहिल्या आवृत्तीचा सोस मला नाही. तेच चित्र तिसऱ्या पुनर्मुद्रणावर असेल आणि ती प्रत जास्त स्वच्छ असेल, तर मी तिसरं पुनर्मुद्रण उचलतो.

मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथांवर, किंवा कुठल्याही बऱ्या रद्दीवाल्याकडे जे मिळतं, ते बहुतेक ब्रिटिश असतं. इंग्रजी पुस्तकांच्या व्यवहारात भारत ब्रिटिश प्रकाशकांच्या वाट्याला होता, म्हणून पँथर, पॅन, कॉर्गी, स्फिअर, न्यू इंग्लिश लायब्ररी आणि पेंग्विन इथे भरपूर आली. एस (Ace) किंवा बॅलन्टाइन या अमेरिकन प्रकाशकांचं पुस्तक सापडलं तर नशीब समजायचं. मला या वाटणीची तक्रार नाही. सत्तरच्या दशकातली ब्रिटिश एअरब्रशची कव्हरं हा एक स्वतंत्र खजिना आहे, आणि तो आपल्याकडे किलोच्या भावातल्या ढिगातही दडलेला असतो.

ढिगात फक्त कणा दिसतो, म्हणून कण्यावरचा क्रमांक वाचता यायला हवा. १९७० च्या सुमारास आधी नऊ अंकी एसबीएन आणि मग दहा अंकी आयएसबीएन हा पुस्तकाचा प्रमाणित क्रमांक आला. नऊ अंकांपुढे शून्य लावलं की झाला आयएसबीएन. त्या शून्यानंतर ५८६ असेल तर पँथर (पुढे ग्रॅनडा), ३३० म्हणजे पॅन, ५५२ कॉर्गी, ४५० न्यू इंग्लिश लायब्ररी, ७२२१ स्फिअर, १४ पेंग्विन. एवढे सहा आकडे पाठ झाले की कण्यावरचं नाव उडालेलं असलं तरी अडत नाही.

पुस्तक हातात आलं की मलपृष्ठावरची किंमत बघायची. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान चलन घेतलं. त्यामुळे किंमत ३/६ अशी म्हणजे शिलिंग-पेन्समध्ये असेल तर छपाई त्याआधीची, नुसती पेन्समध्ये असेल तर नंतरची, आणि ५/- च्या जोडीला २५ पेन्सही छापलेले असतील तर त्या बदलाच्या अगदी आसपासची. कोणा विक्रेत्याने वर रुपयांचा शिक्का मारलेला असतो, तो साल ठरवायला धरू नये. मग कॉपीराइटचं पान. ब्रिटिश पुस्तकात पुनर्मुद्रणांची सालं ओळीने दिलेली असतात, त्यातलं शेवटचं तुमच्या प्रतीचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून काही प्रकाशक दहा ते एक अशी आकड्यांची रांग छापू लागले. त्यात उरलेला सगळ्यात लहान आकडा म्हणजे मुद्रण कितवं ते.

अमेरिकन पुस्तकांचं गणित वेगळं. एसच्या जुन्या प्रतींवर मुद्रण कितवं हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, पण क्रमांकाआधीचं अक्षर किंमत सांगतं: डी म्हणजे ३५ सेंट, एफ ४०, एम ४५, जी ५०, एच ६०. अक्षर आणि छापील किंमत जुळत नसतील तर थांबून बघायचं. नुसता पाच अंकी क्रमांक असेल तर छपाई साठच्या दशकाच्या अगदी शेवटची किंवा नंतरची. एसची ‘डबल’ पुस्तकं कव्हर जमवणाऱ्यांसाठी पर्वणीच. दोन लघुकादंबऱ्या पाठीला पाठ लावून, एकमेकींच्या उलट्या बांधलेल्या, म्हणजे मलपृष्ठ नाहीच, दोन्हीकडे मुखपृष्ठ. १९५२ मध्ये ही मालिका सुरू झाली आणि पुढच्या वर्षी डी-३१ पासून तीत सायन्स फिक्शन आलं. एड एम्शविलर, एड व्हॅलिगर्स्की, जॅक गॉन यांची भरपूर कामं या मालिकेत आहेत. एकच अडचण: एक बाजू नवी कोरी आणि दुसरीवर चहाचा डाग असं सर्रास असतं. विक्रेता चांगल्या बाजूचाच फोटो लावतो.

बॅलन्टाइनसाठी रिचर्ड पॉवर्सने १९५३ पासून केलेली कव्हरं माझ्या मते या सगळ्यात वरची. रॉकेट नाही, हिरो नाही, नुसते वितळल्यासारखे आकार आणि लांबवर गेलेलं क्षितिज. इव्ह तांगीसारख्या अतिवास्तववादी चित्रकारांचा प्रभाव उघड दिसतो. १९७१ मध्ये डोनाल्ड वॉलहाइमने सुरू केलेल्या डॉ (DAW) या प्रकाशनाची पुस्तकं मात्र कण्यावरूनच ओळखू येतात. पिवळा कणा आणि मुखपृष्ठावर संग्राहकांसाठीचा अनुक्रमांक. तो क्रमांक सलग जुळवण्याच्या नादाला लागलात की चित्र बाजूला राहतं, म्हणून मी लागलो नाही.

चित्रकार ओळखणं हा खरा किचकट भाग. पेंग्विन मलपृष्ठावर बहुधा नाव देतं. तिथे कला-विभाग सांभाळणाऱ्या डेव्हिड पेलमने १९७४ मध्ये जे. जी. बॅलार्ड या लेखकाच्या पुस्तकांसाठी केलेली कव्हरं, वाळूत नाक खुपसलेली मोटार, पाण्याबाहेर फक्त टोक उरलेली गगनचुंबी इमारत, ही शेजारी-शेजारी ठेवली की एकाच मालिकेची म्हणून कळतात. बाकीचे प्रकाशक नाव देतीलच असं नाही. एम्शविलर ‘एम्श’ ही सही चित्रातच कुठेतरी लपवायचा, यंत्राच्या पत्र्यावर नाहीतर दगडावर. ती भिंगाने शोधावी लागते. सगळ्यात जास्त घोळ ख्रिस फॉसच्या बाबतीत होतो. अंगावर पट्टे आणि चौकटी असलेलं अवाढव्य यान दिसलं की विक्रेता ‘फॉस’ लिहून किंमत वाढवतो. पण त्याची चलती झाल्यावर प्रकाशकांनी तशीच यानं टोनी रॉबर्ट्स, अँगस मॅकी, पीटर एल्सन यांच्याकडूनही करून घेतली. तेही उत्तम चित्रकार आहेत, फक्त फॉस नाहीत. पडताळणीसाठी मी आयएसएफडीबी ही सायन्स फिक्शन पुस्तकांची मोफत ऑनलाइन सूची वापरतो. तिथे कादंबरीच्या नावाखाली प्रत्येक छपाईची वेगळी नोंद असते, किंमत, क्रमांक, कव्हरचा चित्रकार आणि बहुतेकदा कव्हरचा फोटोही. आधी किंमत आणि क्रमांक जुळवायचा, चित्र त्यानंतर. उलट केलं की चुकतं, कारण एकच चित्र दोन-तीन छपायांवर असतं.

ऑनलाइन घेताना यादीतला फोटो त्याच प्रतीचा आहे का, हा पहिला प्रश्न. बरेच विक्रेते नमुन्याचा फोटो टाकतात आणि तो हमखास दुसऱ्या छपाईचा निघतो. मी पाच फोटो मागतो: दोन्ही बाजू, कणा, कॉपीराइटचं पान, आणि वरून घेतलेला पानांच्या कडांचा. शेवटच्या फोटोत कणा तिरका झालाय का आणि पानं किती तांबूस पडलीत ते कळतं. परदेशातून मागवताना पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त होतो. एक पेपरबॅक साधारण १०० ते १५० ग्रॅमची आणि टपालाच्या लहान पाकिटाची मर्यादा २ किलो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून बारा-तेरा पुस्तकं एकत्र घेतली तरच परवडतं. गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा, रबरबँड लावू नका, असं स्पष्ट लिहायचं. रबरबँडने कडेला पडलेली खाच कायमची.

प्रतीची अवस्था बघताना माझे निकष वाचकापेक्षा उलटे आहेत. पानं पिवळी, कडकडीत, एखादं सुटलेलं, चालतं. तो कागद स्वस्त लगद्याचा आणि आम्लयुक्तच असतो. कण्यावरची वाचनाची घडी कण्यापुरती असेल तर चालते. चित्राच्या मधोमध गेलेली घडी, उन्हाने उडालेला लाल रंग आणि कापलेला कोपरा चालत नाही. तीन शाईंमध्ये लाल आणि पिवळी आधी उडते, म्हणून निळसर दिसणारं कव्हर मुळातच निळं होतं असं समजू नये. पेपरबॅकचं कव्हर आत दुमडलेलं नसतं, त्यामुळे तिथे मूळ रंग शोधायचा प्रश्नच नसतो, तेव्हा आयएसएफडीबीवरच्या चित्राशी ताडून बघायचं.

आपल्याकडच्या प्रतींचा खास आजार म्हणजे लायब्ररी. भाड्याने पुस्तकं देणारे लायब्ररीवाले पानं सुटू नयेत म्हणून कण्यापासून अर्धा सेंटिमीटरवर स्टेपलरच्या तीन जाड पिना मारत, नाहीतर दाभणाने भोकं पाडून दोरा ओवत. वर चिकटपट्टी, कोपऱ्यात नंबराचं लेबल. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं ते, पण पावसाळ्यात पीन गंजते आणि चित्रावर तपकिरी वर्तुळ उमटतं. पीन काढायला जबड्यासारखा चिमटीत धरून ओढणारा स्टेपल-रिमूव्हर वापरायचा नाही, तो कव्हरचा तुकडाच घेऊन येतो. मलपृष्ठाच्या बाजूला पिनेचे दोन दुमडलेले पाय असतात. त्यांच्याखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवायची, बोथट सुरीच्या टोकाने एकेक पाय उभा करायचा, छोट्या कटरने मुळाशी तोडायचा. मग पुस्तक पालथं करून पुढची आडवी तार चिमट्याने सरळ वर उचलायची. गंज कोरड्या मऊ ब्रशने झटकायचा, पाणी लावलं की डाग पसरतो. दोरा असेल तर दोन भोकांमधला प्रत्येक टाका वेगळा कापायचा. एका टोकाने ओढला तर तो करवतीसारखा कागद कापत जातो. पिना काढल्यावर पानं सुटतात. मूळ गोंद केव्हाच मेलेला असतो. चित्र वाचवायचं असेल तर हे मान्य करावं लागतं.

लेबलासाठी हेअर ड्रायर, कमी उष्णतेवर, पंधरा सेंटिमीटरवरून वीस-तीस सेकंद. लेबल वर नाही, कव्हरला जवळजवळ चिकटून आडवं मागे ओढायचं. हे लॅमिनेशन असलेल्या कव्हरवर बहुधा जमतं. जुन्या अमेरिकन कव्हरवर नुसतं वॉर्निश असतं, तिथे रंग सुटताना दिसला की तिथेच सोडून द्यायचं. उरलेल्या चिकटपणाला लायटरमध्ये भरायचं नॅफ्था कापसाच्या काडीवर घेऊन, खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही अशा ठिकाणी. ते कागदावर डाग न ठेवता उडून जातं. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर नाही, शाईच विरघळते. लॅमिनेशन कडेला सुटून पांढुरकं झालं असेल तर गोंद घालायचा मोह टाळावा. आत गेलेला गोंद चित्रातच दिसत राहतो. फाटलेल्या कागदाला मिथाइल सेल्युलोजचा गोंद आणि पातळ जपानी कागद. मैद्याची खळ किडीला जेवण, आणि तीत बाइंडरलोक घालतात तो मोरचूद कीड थांबवतो, पण कागदाला वाईट.

नवीन आलेलं पुस्तक थेट कपाटात जात नाही. कसर किंवा वाळवीची शंका असेल तर झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करायचं आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कव्हरवर दव धरतं. याने कीड मरते. बुरशी मरत नाही, ती फक्त थांबते. डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही, वास जन्मभर जात नाही.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या नाहीत, त्या कव्हरला चिकटतात आणि शाई ओढतात. ब्रिटिश पुस्तक साधारण ११० बाय १७८ मिलिमीटरचं, पन्नासच्या दशकातलं अमेरिकन उंचीला दीडेक सेंटिमीटर कमी. पिशवीची रुंदी म्हणजे पुस्तकाची रुंदी अधिक जाडी, त्यावर थोडी सैल. पाच बाय आठ इंची पिशवीत दीड सेंटिमीटर जाडीपर्यंतचं पुस्तक बसतं. तोंड चिकटवायचं नाही, नुसतं दुमडायचं, कारण आत अडकलेला दमटपणा बाहेरच्यापेक्षा वाईट. मुंबईच्या जुलैत बंद डब्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक लागतोच. ४५ ते ५५ टक्के उत्तम, ६५ च्या वर गेलं की जेल बदलायचं. रंग बदललेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. पुस्तकं उभी, पण दाटीने नाहीत. आडवी रचायची तर आठ-दहाच.

शेवटी स्कॅन. छापलेलं कव्हर ठिपक्यांचं असतं, म्हणून ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० बिंदू) थेट स्कॅन केलं की चित्रावर लाटा उमटतात. ६०० वर करायचं आणि मग संगणकावर अर्ध्यावर आणायचं. बारीक, हलके सीआयएस स्कॅनर काचेपासून मिलिमीटरभर वर असलेलंही धूसर दाखवतात, आणि तिरक्या कण्याच्या पुस्तकाची एक कड नेमकी तेवढीच उचललेली असते. जुना जड सीसीडी स्कॅनर मिळाला तर तोच बरा. पुस्तक बंद ठेवूनच काचेवर ठेवायचं, झाकण दाबायचं नाही, मागे काळा कागद. एस डबलच्या दोन फाइली, दोन्हींच्या नावात ‘पुढची’ शब्द नाही, कारण मागची बाजूच नाही. फाइलच्या नावाचा क्रम वहीतलाच: प्रकाशक, क्रमांक, किंमत, साल, चित्रकार. चित्रकार माहीत नसेल तिथे अंदाजाने फॉस न लिहिता ‘अज्ञात’ लिहायचं.